अकरा आणि बाराच्या मधात

थूल सरांनी पहिल्या दिवशी मला नाव विचारायच्या आधी हात मागितला. तसा नव्हे. सर तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते, मी डिप्लोमा संपवून नुकती नोकरीला लागले होते, आणि हात हवा होता तो टेबलावर, पालथा, बोटं फाकवून. त्यांनी खाली ट्रेसिंग पेपर सरकवला, पेन्सिल उभी धरली आणि मनगटाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सावकाश फिरवली. बोटांच्या बेचक्यांतून शिसं गेलं तशा गुदगुल्या झाल्या आणि मी हसले. ते हसले नाहीत. लोक पेन ठेवतात त्या खिशातून त्यांनी व्हर्निअर काढला, माझ्या पंजाच्या गाठींपाशी वरून-खालून लावून हाताची जाडी मोजली आणि आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहिला. मग करंगळीकडे पाहत राहिले.

"हे वाकडी काऊन?"

"लहानपणी पडली होती सर. गिरडच्या टेकडीच्या पायऱ्यावरून."

तेही त्यांनी लिहून घेतलं. नाव सगळ्यांत शेवटी विचारलं, तेही कागदावर घालायला हवं म्हणून, आणि 'ढगे' एवढंच लिहिलं.

वर्ध्याच्या एमआयडीसीत आमचं वर्कशॉप आहे. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगच्या मशीनचे सुटे भाग आम्ही बनवतो. झाकणं, जाळ्या, ब्रॅकेट, असलंच. मालकांना सगळे भाऊ म्हणतात. ड्रॉइंगच्या खोलीत दोन कॉम्प्युटर, एक खडखडणारा कूलर आणि एक लोखंडी कपाट. त्या कपाटात सरांनी गोळा केलेले हात होते. वर्कशॉपमध्ये जो कोणी कामाला आला, वेल्डर असो, गाडी भरणाऱ्या बाया असोत, त्याच्या हाताची गुंडाळी तिथे रबर लावून ठेवलेली. एकदा चहा पिता पिता भाऊंचाही हात त्यांनी काढून घेतला होता. काही हातांची माणसं काम सोडून गेली होती, काहींची जगातूनच गेली होती. कपाट उघडलं की कागद आपोआप थोडे उलगडत आणि आतून सरसर आवाज येई. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे लिहिताना मलाच त्याची खात्री राहणार नाही.

सरांचं नाव दौलत, आडनाव थूल आणि अंगावर मांस औषधालाही नाही. उभे राहिले की शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा दिसे. वर्कशॉपमधले लोक म्हणत, सर आडवे वळले तर गायब होतात. बोलणं कमी, चालणं बिनआवाजाचं. त्यामुळे आपण काम करत असताना ते पाठीमागे कधी येऊन उभे राहिले ते कळायचं नाही, नुसती मान गार पडायची. जे दिसेल ते व्हर्निअरने मोजायची त्यांना खोड होती. डब्यातल्या भाकरीची जाडी मोजत. एसटीत बसले की खिडकीच्या दोन गजांमधलं अंतर मोजत आणि मग पुढे बसलेल्या लेकराच्या आईला सांगत, "याचा हात आत घ्या." बाई चिडायची. सर दुसरीकडे बघायचे, पण लेकराचा हात आत जाईपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नसायचा.

आमचं काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कॉम्प्युटरवर मशीनचा भाग काढतो तेव्हा ते नुसतं चित्र नसतं. स्क्रीनच्या डाव्या बाजूला त्याचा सगळा इतिहास एकाखाली एक उतरत जातो. आधी ठोकळा केला, मग त्यातून खाच कापली, मग भोक पाडलं, मग कोपरा गोल केला. वरच्या पायरीचा एक आकडा बदलला तर खालचं सगळं पुन्हा नव्याने घडतं. घडलं नाही तर त्या ओळी लाल होतात. कॉलेजात आम्ही या यादीला ट्री म्हणायचो. सर सरळ झाड म्हणत.

मी पहिलं ब्रॅकेट केलं ते अगदी ऐटीत. सर मागे येऊन उभे राहिले. माझ्या झाडात कट एक, कट दोन, कट चौदा अशी सॉफ्टवेअरनेच दिलेली नावं होती. त्यांनी कट नऊवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काऊन?"

मला आठवेना. तीन दिवसांपूर्वी मीच कापलं होतं, पण कशासाठी ते काही केल्या आठवेना.

"ज्याचं काऊन सांगता येत नाई ते कापायचं नाई," ते म्हणाले आणि गेले.

त्या दिवसापासून प्रत्येक पायरीला नाव, आणि नाव म्हणजे त्या काऊनचं उत्तर. सरांची झाडं अशीच असत. 'पाना फिरायले जागा.' 'वेल्डिंगवाल्याचा हात पोचावा म्हणून.' 'मारोतीले उचलताना लागते म्हणून कोपरा गोल.' त्यांचं झाड वरून खाली वाचत गेलं की शॉपवरची माणसं एकेक करून बोलताहेत असं वाटायचं. मारोती कोण म्हणून मी विचारलं. तो मी यायच्या किती तरी आधी वारला होता. त्याला लागू नये म्हणून कोपरा मात्र अजून प्रत्येक नगात गोल होत होता.

बाकी सगळं त्यांनी असंच, कामाच्या ओघात शिकवलं. भोक कधी कडेवरून मोजायचं नाही, मधल्या पायाच्या रेषेवरून मोजायचं, कारण कडेचा भरवसा नसतो. उद्या कोणी ती कड गोल केली की तिच्यावर लटकलेलं भोक पोरकं होतं आणि झाड लाल. कोपऱ्यांची गोलाई सगळ्यांत शेवटी. एका कामाच्या पायऱ्या एका फोल्डरात. आणि झाडाच्या तळाशी एक आडवी पट्टी असते, ती धरून वर सरकवली की खालच्या पायऱ्या घडल्याच नाहीत असं होतं. दहा पायऱ्या झाल्या की ती पट्टी वर न्यायची, एकेक पायरी खाली आणायची आणि कुठे अडखळतं ते बघायचं.

इथवर कोणताही चांगला शिक्षक सांगेल. सरांचा एक नियम मात्र मी दुसऱ्या कोणाकडून ऐकला नाही. पायरी पुसायची नाही. नको असेल तर झोपवायची. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते, पायरी बंद करून ठेवता येते. तिचं नाव झाडात फिकट होऊन राहतं, भागावर तिचा परिणाम होत नाही. सरांच्या झाडात जागत्या पायऱ्यांपेक्षा झोपलेल्या जास्त असत. फाइल जड व्हायची, उघडायला वेळ लागायचा, मी वैतागायचे. ते म्हणत, "थांब. उठून राह्यले ते." आणि खरंच कुठल्या तरी खोलीत माणसं उठताहेत असे कान देऊन बसत.

रोज साडेपाचला, सुटी व्हायच्या आधी, ते एक जुनी फाइल उघडत. मशीनच्या तोंडावरचं झाकण. या तोंडातून बाया हाताने कापूस आत ढकलतात आणि आत रूळ फिरत असतात. ही फाइल ते कोणाला हात लावू देत नसत. पट्टी धरून ते हळूहळू वर नेत. गोलाई गेली, भोकं बुजली, खाच भरून निघाली, शेवटी स्क्रीन रिकामा. त्या रिकाम्या स्क्रीनपुढे ते मिनिटभर बसत. मग एकेक पायरी खाली. आठ, नऊ, दहा, अकरा. अकरावर थांबत. वाकून, डोळे बारीक करून, अकरा आणि बाराच्या मधल्या जागेकडे बघत. तिथे काही नव्हतं. दोन ओळींत असते तेवढी पांढरी फट. एकदा मी अगदी जवळ होते तेव्हा त्यांना पुटपुटताना ऐकलं.

"इथं होता."

काय होता ते विचारायची माझी छाती झाली नाही. कूलर बंद होता, शॉप शांत झालं होतं, आणि कपाटातले कागद सरसरत होते.

वर्षभराने मी घोळ घातला. भाऊंना एका पुलीच्या ब्रॅकेटची फाइल दुसरीकडे पाठवायची होती. मला वाटलं, आपण टापटीप करून देऊ. झाडातल्या सगळ्या फिकट ओळी निवडल्या आणि पुसल्या. फाइल हलकी झाली, झाड देखणं दिसायला लागलं. मी सरांना बोलावून दाखवलं. शाबासकी मिळेल अशी खरंच आशा होती.

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. मग त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे ठेवला आणि काय काय होतं ते लिही म्हणाले. नऊ पायऱ्या होत्या, एवढं मला आठवत होतं. मी पाच लिहिल्या. अर्धा तास डोकं खाजवलं, पण पुढे काही सुचेना. सरांनी कागद हातात घेतला.

"चार गेले," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. मग कागदाची घडी घालत म्हणाले, "आईतवारी सिंदीले येजो माह्यासंग. बाईले भेटू."

सिंदी रेल्वे या गावी त्यांची थोरली बहीण राहायची. सुमनबाई. सर तिला नुसतं बाई म्हणत. रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही गेलो. स्टेशनापासून चालत असताना सरांनी, माझ्याकडे न बघता, सगळं सांगितलं.

त्या झाकणाच्या तोंडाला पूर्वी खाली एक ओठ होता. बोटभर पुढे आलेली पट्टी. तिच्यामुळे हात तोंडातून आत जायचा नाही. पण ओल्या कापसाचा तिथे बोळा व्हायचा आणि मशीन थांबायचं. भाऊंकडे तक्रारी आल्या. भाऊंनी सांगितलं, ओठ काढून टाका. सर तेव्हा कॉम्प्युटरवर नवे होते. त्यांनी झाडातली बारावी पायरी निवडली, पुसली, फाइल त्याच नावाने ठेवली. अकरानंतर जी तेरावी होती ती बारावी झाली. त्या हंगामात ती झाकणं दोन-तीन जिनिंगांत गेली. त्यांतल्या एकात बाई कामाला होती. कापूस अडकला, तिने ओढायला हात घातला.

"चौकशीले माणसं आले," सर सांगत होते. "मले म्हणे, आधीचं दाखवा. मी फाइल उघडली. झाड साफ. ओठ नाईच. कधी नव्हताच असं झाड सांगे. भाऊले विचारलं तं भाऊ म्हणे, होता का गा ओठ? ते खोटं नव्हते बोलत, बेटा. त्याईले आठवतच नव्हतं. अन् मंग मलेही वाटाले लागलं, का होता का खरंच?"

कागदावरचं जुनं ड्रॉइंग नवीन कॉम्प्युटर आल्यावर रद्दीत गेलं होतं. ओठाची झाकणं भंगारात वितळली होती. जगात तो ओठ फक्त सरांच्या डोक्यात उरला होता, आणि तिथूनही तो थोडा थोडा पुसला जात होता. किती रुंद होता, टोकाला गोल होता का चौकोनी, हे त्यांना आता खात्रीने सांगता येईना. रोज साडेपाचला ते त्याला शोधायला जात. मी रस्त्यात थांबले. यापेक्षा सर रागावले असते तर परवडलं असतं, असं वाटलं.

बाई दारातच बसली होती. सरांसारखीच काटकुळी, पण बोलकी. उजव्या हाताला अंगठा होता आणि त्यापुढे काही नव्हतं. त्याच हाताने तिने पातेलं धरलं, चहा गाळला, कप माझ्यापुढे सरकवला. मी कुठली, लग्न झालं का, पगार पुरतो का, सगळं विचारून झालं. सर न्हाणीकडे हात धुवायला गेले तशी ती माझ्याकडे सरकली.

"याले सांगू नको पोरी," ती हळू आवाजात म्हणाली. "हे बोटं गेले तं गेले, पण खाजवते. रोज खाजवते. साडेपाचच्या सुमाराले सुरू होते, दहा मिन्टं, मंग आपोआप चुप. असं वाटते का कोणी एकेक बोट धरून वर ओढून राह्यलं, अन् मंग एकेक परत लावून राह्यलं."

मी कप खाली ठेवला. मी विचारलं, आजही खाजवतील का.

"आज आईतवार," बाई म्हणाली. "आईतवारी नाई खाजवत. काऊन ते काही मले मालूम नाई."

रविवारी वर्कशॉप बंद असतं. हे तिला ठाऊक असायला हवं होतं, नव्हतं असं नाही. पण आपला भाऊ साडेपाचला काय करतो ते तिला ठाऊक नव्हतं, सरांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. परतीच्या गाडीत मी सरांना काही बोलले नाही. बाईने सांगू नको म्हटलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटली होती. सोमवारी साडेपाचला सरांनी पट्टी वर न्यायला सुरुवात केली आणि मी माझा उजवा हात ओढणीखाली घेतला.

पुढची सहा-सात वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढली. पायरी पुसली नाही. नावं नीट दिली. त्यांनी कौतुक कधी केलं नाही, फक्त हळूहळू 'हे काऊन' विचारायचे थांबले. माझ्या झाडातल्या ओळी वाचत आणि पुढे जात. ते जेव्हा पहिल्यांदा असे काही न विचारता पुढे गेले तेव्हा मी घरी जाताना अर्धा किलो जिलेबी घेतली होती.

सर एका रविवारी गेले. शनिवारी कामावर होते, साडेपाचचं त्यांचं नेहमीचं केलं, घरी गेले, आणि रविवारी दुपारी झोपले ते उठले नाहीत. मी भेटायला गेले तेव्हा बाई भिंतीला टेकून बसली होती. तिने माझा हात धरला, अंगठ्याने आणि उरलेल्या तळव्याने.

"आता सातही दिवस आईतवार," ती म्हणाली. तिला कळलं होतं का, माझ्या चेहऱ्यावर दिसलं होतं का, मी आजही सांगू शकत नाही.

त्यानंतर त्या झाकणाच्या फाइलला कोणी हात लावला नाही. झाकणं तयार होत होती, जुन्या ड्रॉइंगवरून. बाईचा अपघात झाल्यानंतर सरांनी तोंड अरुंद करून दिलं होतं आणि तेव्हापासून आमच्या झाकणाने कोणाला इजा झालेली नव्हती. ही गोष्ट कोणाच्या लक्षातही नव्हती, कारण जे घडलं नाही ते कोणाच्या लक्षात राहत नाही.

यंदा दिवाळीनंतर भाऊ माझ्या टेबलापाशी आले. मोठी ऑर्डर होती, पण गिऱ्हाइकाचं म्हणणं पडलं की तोंड लहान आहे, कापूस कमी जातो. तोंड अंगठ्याभर उंच करा, रूळ थोडे जवळ घ्या. भाऊ वाईट माणूस नाहीत. चाळीस घरांच्या चुली त्या वर्कशॉपवर आहेत हे ते कधी विसरत नाहीत. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि म्हणाले, "एक आकडा तं बदलवायचा आहे. आत्ताच कर, मी पाहतो."

मी फाइल उघडली. वेळ लागला. मनात आलंच, उठून राहिले आहेत. मग तोंडाच्या उंचीचा आकडा शोधला आणि बदलला.

झाड वरपासून खालपर्यंत लाल झालं.

आकडा पुन्हा होता तिथे जाऊन बसला. मी परत बदलला, परत लाल. तेव्हा बघितलं की ती उंची स्वतंत्र नव्हतीच. ती वरच्या दुसऱ्याच कशावर तरी लटकलेली होती. रुळांचं अंतरही तसंच. दोन्ही एका फोल्डरावर लटकले होते, झाडाच्या अगदी माथ्यावर, पायाच्या रेषांच्या लगेच खाली. सरांनी ते झोपवलेलं नव्हतं, जागंच होतं, नुसतं नजरेआड झाकून ठेवलं होतं. फोल्डरचं नाव होतं 'काऊन'.

मी ते दिसतं केलं.

मशीनच्या तोंडात दोन हात उगवले. खऱ्या मापाचे, पालथे, बोटं फाकलेली, एकावर एक. एक मोठा, लांब बोटांचा. दुसरा लहान, बारीक, आणि त्याची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली होती.

कूलरचे दिवस संपले होते, खोलीत तसा गारवाच होता, तरी पाठीला घाम फुटला. माझा उजवा हात माऊसवर होता आणि तोच हात स्क्रीनवर मशीनच्या तोंडात अडकलेला होता. मी फोल्डर उघडलं. दोन ओळी. 'ढगे बाईचा हात सर्वात बारीक. तोंडानं हा गाठीपाशी अडवावा.' आणि खाली, 'भाऊचे बोटं सर्वात लांब. रूळ याच्या पलीकडे.' त्या कपाटातले सगळे हात सरांनी एकमेकांवर ठेवून पाहिले असणार. सगळ्यांत बारीक हात आत जाऊ नये, आणि सगळ्यांत लांब बोटंही पोचू नयेत. पहिल्या दिवशी त्यांनी हात मागितला तो यासाठी. एवढी वर्षं आमच्या प्रत्येक झाकणात मी हात घालून बसले होते आणि मला पत्ता नव्हता.

भाऊ पुढे वाकले होते. त्यांनी दुसरी ओळ वाचली. मग स्वतःचा हात वर करून बघितला, पालथा, बोटं पसरून, आणि पुन्हा स्क्रीनकडे बघितलं.

"पुसता येते का हे?" त्यांनी विचारलं.

"येते."

"मंग?"

"मी नाई पुसत भाऊ. तुम्ही पुसा. मी उठते." आणि मी खरंच खुर्ची सोडून उठले. नोकरी जाईल हे डोक्यात होतं, नव्हतं असं नाही. घरी आईचं औषधपाणी माझ्यावर आहे. पण आपला हात आपणच पुसायचा, आणि मग त्या जागी दुसऱ्या कोणाचा जाणार, हे माझ्याच्याने होईना.

भाऊ खुर्चीत बसले नाहीत. मग म्हणाले, "ओठ होता. मले आता आठवते. टोकाले गोल होता." आवाज इतका बारीक की मला वाटलं ते दुसऱ्याच कोणाशी बोलताहेत. हात खिशात घालून ते दाराकडे गेले आणि जाता जाता एवढंच म्हणाले, की गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवतो.

मी एकटी राहिले. भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच होत आले होते. का ते विचारू नका, पण मी ती पट्टी धरली आणि वर न्यायला लागले. गोलाई गेली, भोकं बुजली, खाच भरली. हात सगळ्यांत शेवटी गेले. रिकामा स्क्रीन. मी सरांसारखी मिनिटभर बसले. मग एकेक पायरी खाली. नऊ, दहा, अकरा. तिथे थांबून नवी ओळ घातली, अकरा आणि बाराच्या मधात, रिकामीच, नुसतं नाव दिलं: 'इथं ओठ होता. टोकाले गोल.' आणि झोपवून ठेवली.

तेवढ्यात फोन वाजला. सुमनबाई.

"पोरी," ती म्हणाली, "बोटं खाजवून राह्यले व. दौलत गेल्यापासून बंद होते. आज कोण बसलं तिथं?"

"मीच हाय, बाई."

"मंग पुरं आन खाली. अर्ध्यात नको ठेवू. लय ओढ बसते."

मी फोन तसाच कानाशी धरून पट्टी तळापर्यंत आणली. पलीकडून बाई म्हणाली, "हां. आता बरं हाय." आणि फोन ठेवला.

तेव्हापासून साडेपाचला मी ती फाइल उघडते. रविवार सोडून.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते त्या शनिवारी, फाटकाशी. मी खिडकीत उभी होते. ते सायकल घेऊन बाहेर पडले, थांबले, मागे वळले आणि उजवा हात वर केला, बोटं फाकवून. मी निरोप समजून हात हलवला. त्यांनी हलवला नव्हता. त्यांनी तो तसाच स्थिर धरला होता, कागदावर ठेवायला सांगतात तसा, माझा हात खाली येईपर्यंत.